हात बाहेर

माझ्या दोन्ही हातांची दहाही बोटं शाबूत आहेत. भिलाईचा कारखाना उभारणाऱ्या माणसांत हे जरा नवलाचंच. स्मृतीनगरात सकाळी माझ्यासोबत फिरायला निघणारे म्हातारे पाहिले, तर कुणाचं नख गेलेलं, कुणाचं अर्धं बोट, कुणाला एका कानानं ऐकू येत नाही. आपापल्या तुटक्या बोटाची गोष्ट ते चहासोबत चवीनं सांगतात. मी गप्प बसतो. माझ्या नावावर तीन बोटं आहेत, पण ती माझ्या हाताची नाहीत.

मी भंडाऱ्याकडचा. घरी धानाची शेती, चार भाऊ आणि माझ्या नाकावर राग. थोरल्याशी बांधावरून भांडलो, रागाच्या भरात गाडीत बसलो आणि दुर्गला उतरलो. तेव्हा भिलाई म्हणजे लाल मुरमाचा उघडा माळ, त्यावर कॅम्पच्या खोल्यांच्या रांगा आणि देशभरातून आलेली माणसं. एका ठेकेदाराच्या टोळीत मला काम मिळालं. लोखंडी गर्डर क्रेननं उचलायचे आणि जागेवर बसवायचे. हे काम करणाऱ्यांना तिथे खलाशी म्हणत. आमच्यापैकी एकानंही समुद्र पाहिलेला नव्हता.

आमचे हेडखलाशी पन्नाशीचे, किडकिडीत अंगाचे. त्यांचा जन्म रेल्वेचे पूल बांधण्यात गेलेला. सगळी टोळी त्यांना काकाजी म्हणायची. ते ओरडत नसत. एवढ्या गोंगाटात न ओरडता काम करून घेणारा माणूस मी त्यांच्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

वर्षभरानं त्यांनी मला सिग्नलमन केलं. क्रेनचा ड्रायव्हर वर केबिनमध्ये बसतो. त्याला खालचं काही ऐकू येत नाही, त्याला फक्त सिग्नलमनचा हात दिसतो. हात वर गेला की उचल, तळवा खाली झाला की उतरव. काकाजींनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं, "आजपासून तुहा हात तुहा नाई. नाकावर माशी बसली तं बसू देजो. हात हलवाचा नाई."

दुसरा नियम खाली बसणाऱ्या माणसाबद्दल होता. गर्डर टेकण्याआधी त्याच्या खाली लाकडी गुटके सरळ लावून द्यावे लागत. ते काम करणाऱ्याचा हात गर्डरच्या खाली असतो. म्हणून सिग्नलमननं विचारायचं, "हात बाहेर?" आणि खालच्यानं सांगायचं, "हात बाहेर!" मगच उतरवायचं. मी एकदा म्हटलं, मला वरून हात दिसतोच की, विचारायचं कशाला? काकाजी म्हणाले, "तुले दिसलं ते तुह्यापाशी राहू दे. त्याच्या तोंडून आलं तरच खरं."

खाली बसणारा माझा जोडीदार वैनगंगेच्या पलीकडचा होता. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला. त्याच्या बापानं जन्मभर गावची मेलेली ढोरं ओढली होती. यानं ते काम नाकारलं आणि बायकोला घेऊन इकडे आला. गावी असतो तर मी त्याच्या दाराशी पाणीही प्यालो नसतो, हे मी लपवत नाही. पण इथे आम्ही एका डब्यात जेवायचो आणि त्याच्या बायकोच्या हातची अंबाडीची भाजी मी मागून घ्यायचो. माणसापेक्षा माझी जीभ आधी सुधारली, असं माझी बायको म्हणायची.

त्या दिवसांत बातमी होती की ठेकेदारांच्या टोळ्यांतले चांगले खलाशी खुद्द कारखान्यात कायम होणार. जोडीदार दिवसातून चारदा तेच बोलायचा. कायम झालो तर गावाकडे पुन्हा हात पसरायला जावं लागणार नाही. त्याच्यासाठी ती नोकरी म्हणजे सगळंच होतं.

आणि मग तो दिवस आला. गर्डर गुटक्यांच्या वर वीतभर उंचीवर थांबलेला. जोडीदार खाली बसून एक तिरपा गुटका सरळ करत होता. वेळ लागत होता. मला तलफ आली. मी चुनाळं काढलं, तंबाखू तळहातावर घेतली, मळली, आणि चुना उडवायला सवयीनं वरून दोन थापा मारल्या.

वर ड्रायव्हरला दिसलं, सिग्नलमनचा तळवा खाली आला. त्यानं गर्डर उतरवला.

जोडीदाराच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि पहिलं बोट तेवढं राहिलं. तो ओरडला तो आवाज मी सांगत नाही.

त्याला गाडीत घालून नेलं आणि ठेकेदाराचे साहेब धावत आले. ड्रायव्हर वरूनच म्हणाला, "सिग्नल मिला, मैंने उतारा." साहेबांनी मला विचारलं. माझ्या तळहातावर अजून तंबाखू होती, मी मूठ आवळली. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी म्हणालो, "उसने 'हात बाहेर' बोला साहब, तब सिग्नल दिया." कागदावर लिहिलं गेलं, कामगाराची स्वतःची बेपर्वाई.

तंबाखूची चूक एका क्षणाची होती. पण त्याच्या तोंडी मी जे शब्द घातले, ते मी रोज घालत राहिलो. टोळीत जो विचारील त्याला तेच सांगायचो, आणि दर वेळी ते थोडे अधिक खरे वाटायचे. तो दीड महिन्यानं दवाखान्यातून आला आणि सगळ्यांना सांगू लागला, "मी 'हात बाहेर' म्हटलंच नाई." लोक मान हलवायचे. एवढ्या वेदनेत माणसाला काय आठवतं, म्हणायचे. आमच्याच भागातले काही नळावर उभे राहून याहून वाईट बोलत. "ढोरं ओढनाऱ्याइच्या हाती मशिनी देल्या का असंच होते." मी बादली भरत ऐकायचो. मला राग यायला हवा होता, एरवी मला कशाचाही येतो. पण त्या वाक्यानं माझ्या खोट्याचं निम्मं काम परस्पर करून टाकलं होतं, आणि मला ते सोयीचं होतं. आज हे लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्याला साइटवर पाणी वाटायच्या कामाला लावलं. कायम होणाऱ्यांच्या यादीत बेपर्वा माणसाचं नाव कोण घालणार? पुढच्या पावसाळ्याआधी गावी परत जावं लागेल, असं त्याची बायको कुणाला तरी म्हणाल्याचं कानावर आलं. मी तंबाखू सोडली. बायकोनं विचारलं, "कावून सोडली?" दात दुखून राहिले म्हणून सांगितलं. खाई त्याला खवखवे.

आता काकाजींच्या बैठकीबद्दल सांगितलं पाहिजे. कॅम्पात गाव नव्हतं, त्यामुळे गावपंच नव्हते. भांडणं मात्र भरपूर होती, नळावरून, कोंबडीवरून, दारूवरून. काकाजींनी लहानपणी जातीचे पंच पाहिले होते. ते म्हणायचे, "पंच दंड घेत, जेवन घेत अन् वाळीत टाकत. दंडानं कोनाची जखम भरलेली मी नाई पाह्यली." म्हणून त्यांनी 'त्याच्या तोंडून आलं तरच खरं' ही आपल्याच धंद्यातली रीत उचलली. दर रविवारी चार वाजता त्यांच्या खोलीमागे रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरवर दोघांना समोरासमोर बसवायचं. पण आपली बाजू आधी मांडायची नाही. आधी समोरच्याची सांगायची, आणि तो "बरोबर" म्हणेपर्यंत सांगत राहायची. मग त्यानं आपली सांगायची. दोघांचं "बरोबर" झालं की ज्याचं नुकसान झालं त्याला विचारायचं, आता काय झालं तर तुला बरं वाटेल?

ऐकायला पोरखेळ वाटतो. मलाही वाटायचा. कोंबडीवरून भांडणारे एक बिहारी आणि एक मल्याळी समोरच्याचं दुःख मोडक्या हिंदीत सांगता सांगता पुन्हा हातघाईवर आले, ते पाहून मी पोट धरून हसलो होतो. पण तीन रविवारांनी तेच दोघं एकाच खुराड्याला जाळी ठोकत होते. काकाजींना ह्याचं कुणी काही देत नसे. उलट त्यांची बायको, आमच्या काकू, प्रत्येक बैठकीला आपल्या घरचा गूळ घालून चहा करायच्या. एकुलती सुट्टी दुसऱ्यांच्या भांडणात घालवणारी ती दोघं मला तेव्हा खुळी वाटत होती. आता त्यांच्याइतका आदर मला फार थोड्यांबद्दल वाटतो.

एका संध्याकाळी काकाजी माझ्या दाराशी आले. म्हणाले, "रविवारी बसून राहिलो आपन. येशीन तं बरं होईन."

मी भडकलोच. "कावून? मी काय चोर हाय?"

"चोर म्हनाले नाई आलो बावा. त्याची बायको आली होती माह्यापाशी." मग तिचं म्हणणं त्यांनी जसंच्या तसं सांगितलं, तिच्याच शब्दांत. "मले भांडाचं नाई. बोटं तं गेली. पन जे शब्द आमच्या घरच्याइच्या तोंडातून निघालेच नाई, ते कागदावर कसे गेले, येवढंच विचाराचं हाय."

"अन् नाई आलो तं?"

"नाई आला तरी सोमवारी तू सिग्नलमन अन् मी हेडखलाशी. येनं तुह्या मनावर हाय."

दम दिला असता तर मी दारातच भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. त्यांनी भांडायलाच जागा ठेवली नाही. दोन दिवस मी घरात भांडी आपटली. रविवारी गेलो, कारण न जाणं जास्त दिसलं असतं.

स्लीपरवर जोडीदार बसला होता, उजवा हात धोतराच्या सोग्यात गुंडाळून. शेजारी त्याची बायको. टोळीतले चार-पाच जण. काकूंनी चहा दिला. काकाजी मला म्हणाले, "आधी त्याचं सांग."

मी घसा खाकरला. "याचा हात गर्डरखाली आला. तीन बोटं गेली. लय दुखलं. आता काम भेटत नाई."

जोडीदार म्हणाला, "बरोबर नाई."

मी पुन्हा सांगितलं, जरा लांबण लावून, दवाखाना, बायकोचे हाल वगैरे घालून. तो पुन्हा म्हणाला, "बरोबर नाई."

"मंग तूच सांग ना लेका!" मी ओरडलो.

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. "'तो' म्हनू नको. 'मी' म्हनून सांग."

मी चहाचा कप खाली ठेवला. मग सुरू केलं, आणि का कोण जाणे, आवाज खाली आला. "मी खाली बसलो होतो. एक गुटका तिरपा होता. तो सरळ कराले मी हात आत घातला. वर नाई पाह्यलं."

"कावून नाई पाह्यलं?" जोडीदारानं विचारलं.

ह्याचं उत्तर मला ठाऊक होतं. "वर तू होता म्हून."

"मंग?"

"मंग मले कोनी विचारलं नाई. मी काही म्हटलं नाई. अन् गर्डर आला."

"बरोबर," तो म्हणाला. त्याच्या बायकोनं पदर तोंडाला लावला.

अजून मी सुटू शकत होतो. ही त्याची बाजू होती, आपली सांगताना मी दुसरं काहीही म्हणू शकलो असतो. पण नियमाप्रमाणे आता माझी बाजू त्यानं सांगायची होती. तो सावरून बसला आणि माझ्याकडे पाहत बोलू लागला.

"मी सिग्नलमन हाय. बाजूले रिव्हेट मारनं चालू होतं, कान बसून गेलते. मी विचारलं, हात बाहेर? खालून काहीतरी आवाज आला. मले वाटलं, त्यानंच जबाब देला. म्हून मी हात खाली केला. मी खोटं नाई बोललो. माह्या कानानं मले फसवलं. आता लोक माह्या जोडीदाराले बेपर्वा म्हनतात, ते मले आयकवत नाई. पन कागद झाला, तो कसा फिरवावा ते समजत नाई." तो थांबला. "बरोबर?"

इतकी चांगली पळवाट तीन महिन्यांत मला स्वतःला सुचली नव्हती. त्यात कुणाचीच चूक नव्हती. त्याची बेपर्वाई पुसली जात होती आणि माझी लबाडीही. एक शब्द म्हणायचा होता. पुढे कितीतरी वर्षांनी मी त्याला विचारलं, ती पळवाट तू मला मुद्दाम दिलीस का? तो म्हणाला, "नाई बा. मले खरंच तसं वाटे. तू खोटं बोलशीन हे डोक्यातच नाई आलं."

मी म्हणालो, "बरोबर नाई."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "मी विचारलंच नाई. खालून आवाज आलाच नाई. मी तंबाखू मळून राहिलो होतो. थाप मारली, ड्रायव्हरले तो सिग्नल वाटला. अन् साहेबाले मी खोटं सांगितलं."

त्याची बायको उभी राहिली. "तंबाखूसाठी?" एवढंच म्हणाली, आणि चहाचा कप स्लीपरवर आदळून निघून गेली. जोडीदारानं उजवा हात सोग्यात नीट गुंडाळून घेतला. मग तोही उठला. मला वाटलं होतं, खरं बोललो की कुणीतरी पाठीवर हात ठेवील. कुणी ठेवला नाही. काकाजी म्हणाले, "पुढच्या रविवारी बसू. आज त्याले काही विचाराचं नाई." तो आठवडा मी कसा काढला, ते माझी बायको जाणे.

पुढच्या रविवारी दोघं आली. काकाजींनी त्याला विचारलं, आता काय झालं तर बरं वाटेल? त्यानं ठरवून आणलं होतं. "जिथी खोटं सांगितलं तिथी जाऊन खरं सांगावं. अन् मले सिग्नल शिकवावा. डावा हात धड हाय माहा."

"अन् मंग खाली कोन बसन?" काकाजींनी विचारलं. ते कुणाकडेही पाहत नव्हते.

"मी," मी म्हणालो.

साहेबांसमोर काकाजी माझ्यासोबत आले, पण बोलले नाहीत. साहेबांनी मला जे काय म्हटलं ते सगळं मी ऐकून घेतलं, आयुष्यात पहिल्यांदा उलट न बोलता. हाकललं नाही, पण सिग्नलमनचं काम काढून घेतलं. कागद नवा झाला. पुढे कायम होणाऱ्यांत जोडीदाराचं नाव आलं, माझं त्याच्या दोन वर्षांनी. काकाजी पुन्हा एका पुलाच्या कामावर निघून गेल्यावर रविवारची बैठक जोडीदार आणि त्याची बायको चालवू लागले. आधी कॅम्पात, मग कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टरमध्ये, एकदा तर बोलावणं आलं म्हणून पार नंदिनीच्या खाणीपर्यंत सायकलवर गेले. बोलण्यात ती त्याच्यापेक्षा तिखट होती आणि ऐकण्यात त्याच्यापेक्षा पक्की. तिनं मला माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही. काही वर्षांनी एकदा अंबाडीची भाजी पाठवली, मी न मागता.

पण हे सगळं होण्याआधी मी त्याला महिनाभर सिग्नल शिकवला. उचल, उतरव, थांब, सगळं डाव्या हातानं. मग काकाजींनी आम्हाला कामावर उभं केलं.

सकाळची वेळ होती. गर्डर वर टांगलेला, तो समोर उभा, आणि मी खाली गुटक्यांपाशी. त्याच्यासारखं वर न पाहता काम करायचं ठरवलं होतं, तरी पाहिलं. तो फक्त माझ्याकडे पाहत होता. मी हात आत घातला. गुटके लावून झाले, तरी पुन्हा तेच लावले. झालं तेव्हा हात काढले आणि पोटाशी धरले.

"हात बाहेर?" त्यानं विचारलं.

माझे दोन्ही हात त्याला स्पष्ट दिसत होते. मला उत्तर द्यायचं होतं, पण आवाज फुटेना. गर्डर लटकत राहिला. ड्रायव्हरनं घंटा वाजवली, पुन्हा वाजवली. लांबून साहेब ओरडले, "क्या देर है?" जोडीदाराच्या नाकावर एक माशी येऊन बसली आणि चालत पापणीपर्यंत गेली. त्याचा डावा हात होता तिथेच राहिला.

"हात बाहेर?" त्यानं तेवढ्याच शांतपणे पुन्हा विचारलं, आणि माझ्या तोंडून शब्द निघेपर्यंत तो थांबला.